पत्ता आहे, पोच नाही

प्रति,
मा. कंपनी निबंधक,
आकुर्डी, पुणे.

विषय : मुळशी तालुक्यातल्या कंपन्यांना कोर्टाचे कागद पोचण्याबाबत.

महोदय,



पौडच्या न्यायालयात मी वकिली करतो. मुळशीत जमिनीचे वाद किती आणि कसले, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या वादांचे कोर्टात पुढे काय होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. प्रतिवादी चुलत भाऊ असला तर समन्स लवकर बजावून येते. बेलीफ घरी जातो, भाऊ नसला तर घरातले कोणी सही करते, कोणीच केली नाही तर दारावर चिकटवून तो पंचांच्या सह्या घेतो. प्रतिवादी कंपनी असली की रोजनाम्यात तारखेमागून तारीख एकच ओळ पडत जाते : ‘प्रतिवादी क्र. १ यांस समन्स बजावून आले नाही.’ कोणाचे खरे, कोणाचे खोटे, इथवर गाडी जातच नाही.

समन्स बजावणे कोर्टाचे काम, त्यात कंपनी निबंधकाचा काय संबंध, असे आपण विचाराल. कंपनीची नोंदणी करताना तिचा पत्ता आपण लिहून घेतला आहे. तो पत्ता जिवंत आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार बेलिफाला नाही, आपल्याला आहे. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि उघड, कारण यातले निम्मे माझ्या तालुक्यातल्या लोकांनीही वाचायला हवे.

पिरंगुटहून उरवड्याच्या रस्त्याला लागा. पत्र्याच्या शेडा, मध्येच तग धरून राहिलेली भातखाचरे, आणि मग एखादे लांबलचक कंपाउंड. फाटकावर ‘विनापरवाना आत येऊ नये’, ‘कुत्र्यापासून सावध’, ‘येथे सीसीटीव्ही चालू आहे’. सगळे लिहिलेले असते, कंपनीचे नाव तेवढे नसते. पहारेकऱ्याच्या छातीवर नाव असते, पण ते सिक्युरिटी एजन्सीचे. टेबलावर रजिस्टर असते, पण ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे. बेलीफ विचारतो, ‘ही अमुक कंपनीच ना?’ उत्तर येते, ‘ते काय माहीत नाही बुवा. साहेब शनिवारी येतात.’ ‘बरं, हा कागद घे आणि सही कर.’ ‘कागद घ्यायचा नाही असं सांगितलंय.’ बऱ्याचदा हा पहारेकरी पलीकडच्याच वाडीतला असतो आणि ज्याच्या दाव्यातले समन्स तो परत लावतो, तो त्याच्या भावकीतला निघतो.

त्या पहारेकऱ्याला मी दोष देत नाही. त्याने कंपनीच्या वतीने कागद घ्यावा अशी कायद्याचीही अपेक्षा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २९, नियम २ सांगतो की कंपनीचे समन्स तिच्या सचिवावर, कोणत्याही संचालकावर किंवा अन्य प्रमुख अधिकाऱ्यावर बजावता येते. नाहीतर नोंदणीकृत कार्यालयात ठेवून किंवा त्या पत्त्यावर टपालाने पाठवून. फाटकावरचा माणूस यांपैकी कोणातच बसत नाही. सुपरवायझर बसतो का, स्टोअरकीपर बसतो का, यावर वकील मंडळी हवा तेवढा वेळ भांडू शकतात आणि भांडतात. नोंदणीकृत कार्यालयाचे तसे नाही. तिथे कागद कोणी हातात घेतला हा प्रश्न मागे पडतो, तिथे पोचला एवढे पुरते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २० मध्येही तेच आहे : रजिस्टर्ड पोस्ट, स्पीड पोस्ट, कुरिअर, कार्यालयात नेऊन ठेवणे किंवा इलेक्ट्रॉनिक मार्ग, पण पाठवायचे नोंदणीकृत कार्यालयावर.

ही रचना शहाणपणाची आहे, असे माझे मत आहे. कंपनीला स्वतःचे हात नाहीत, कान नाहीत. तिच्या दहा ठिकाणच्या शेडांपैकी एखाद्या शेडेत कोणीतरी पाकीट कपाटावर टाकले आणि त्यावरून तिच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो अन्यायच. म्हणून कायद्याने कंपनीला सांगितले, तुझी एक जागा जाहीर कर, जगाने तिथे लिहिले की तुला कळले असे आम्ही धरू. सौदा रोखठोक आहे. एका बाजूला कंपनीला संरक्षण मिळाले, दुसऱ्या बाजूला तिने ती जागा उघडी ठेवायची. कलम १२ चे शब्दच असे आहेत की नोंदणीकृत कार्यालय हे सर्व पत्रे आणि नोटिसा स्वीकारण्यास व त्यांची पोच देण्यास सक्षम असले पाहिजे. स्थापनेपासून तीस दिवसांत, आणि त्यानंतर सदासर्वकाळ. आमच्याकडे अडते ते या ‘सदासर्वकाळ’पाशी.

आधी नावाचे बघू. शेतकऱ्याला कंपनीचे नाव कुठून कळते? फाटकावरून नाही, हे वर आलेच. तो सातबारा काढतो, फेरफार काढतो, दुय्यम निबंधकांकडून इंडेक्स टू काढतो. तिथे खरेदीदार म्हणून ‘अमुक प्रायव्हेट लिमिटेड तर्फे अधिकृत स्वाक्षरीकर्ता तमुक’ असे सापडते, पत्ता खरेदीखताच्या दिवशीचा. मग तो नोटीस लिहून आणतो : ‘मालक, अमुक कंपनी, मु. पो. पिरंगुट.’ मला दरवेळी सांगावे लागते की कोर्टाच्या लेखी कंपनीला मालक नसतो. भागधारक असतात, संचालक असतात, आणि कंपनी त्या सगळ्यांहून वेगळी. ज्याला गाव मालक म्हणते तो बहुधा संचालक असतो, कधी नुसता मुकादम असतो, आणि एकदा तर तो जागा भाड्याने घेतलेला तिसराच कोणी निघाला होता.

इथे आपल्या खात्याची एक गोष्ट खरोखर उपयोगी पडते, ती म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, सीआयएन. एकवीस अक्षर-अंकांची ती ओळ पाहून लोक बिचकतात, पण ती वाचायला सोपी आहे. पहिले अक्षर शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर ‘एल’, नसेल तर ‘यू’. मग धंद्याचा पाच अंकी संकेत, मग राज्य, आपल्याकडे ‘एमएच’. त्यानंतर स्थापनेचे वर्ष, मग प्रायव्हेटसाठी ‘पीटीसी’ किंवा पब्लिकसाठी ‘पीएलसी’, आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. यातले वर्ष मी पहिल्यांदा पाहतो. फेरफार २००६ चा आणि सीआयएनमधले वर्ष २०११ असेल, तर जमीन घेणारी कंपनी आणि आज फाटकामागे बसलेली कंपनी एक नव्हे. नाव सारखे, संचालक तेच, पण कायद्याने दोघी वेगळ्या; एकीवर बजावलेला कागद दुसरीला लागू नाही. दावा दाखल करण्याआधी हे कळले तर पक्षकाराची वर्षे वाचतात. मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी असेल, तर तिचा क्रमांक आणि कायदा वेगळा, २००८ चा. तिथेही कलम १३ प्रमाणे कागद नोंदणीकृत कार्यालयावरच जातो.

नावे बदलतात हा दुसरा फास. आमच्या तालुक्याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण लवासा. मोसे खोऱ्यात शहर वसवणारी लवासा कॉर्पोरेशन २००० साली स्थापन झाली तेव्हा तिचे नाव पर्ली ब्लू लेक अँड रिसॉर्ट्स होते. मग ती द लेक सिटी कॉर्पोरेशन झाली आणि मग लवासा. यात बेकायदा काही नाही, नाव बदलायला कायदा परवानगी देतो. पण जुन्या दस्तात एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे, फलकावर तिसरे, असे झाले की खेड्यातला माणूस तीन कंपन्यांशी भांडतोय असे समजून बसतो. हे ओळखूनच कलम १२ मध्ये तरतूद आहे की गेल्या दोन वर्षांत नाव बदलले असेल तर नव्या नावासोबत जुने नावही फलकावर आणि पत्रव्यवहारावर लिहायचे. असा जोडनावाचा फलक मुळशीत माझ्या पाहण्यात नाही.

लवासाचेच उदाहरण आणखी एका कारणासाठी घेतो. २५ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढली. ती पोचली की नाही यावर कोणाला वाद घालावा लागला नाही. कंपनी उच्च न्यायालयात गेली, देशभर चर्चा झाली. सरकारचा कागद कंपनीला लगेच सापडतो. दासव्याच्या किंवा मुगावच्या शेतकऱ्याने लिहिलेले पत्र त्याच वेगाने पोचले असते का, हा प्रश्न मी लवासाबद्दल नव्हे, सगळ्यांबद्दल विचारतो.

आता नोंदणीकृत पत्ता. आपल्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून तो काढला, पाकिटावर व्यवस्थित लिहिला, पाठवला. परत आलेली पाकिटे माझ्या टेबलाच्या खणात आहेत. पोस्टमनचे शेरे ठरलेले : ‘लेफ्ट’. ‘नॉट नोन’. ‘डोअर लॉक्ड, इंटिमेशन गिव्हन’. क्वचित ‘रिफ्यूज्ड’, आणि तो शेरा आला की आम्हाला आनंद होतो, कारण नकार हीच बजावणी. गोंधळ होतो तो पहिल्या दोन शेऱ्यांनी. पत्ता कधी सीएच्या जुन्या ऑफिसचा निघतो, कधी संचालकाने विकून टाकलेल्या फ्लॅटचा, कधी अशा एका खोलीचा जिथे एकाच दारावर अनेक कंपन्यांचे पत्ते नोंदलेले आहेत. एका दारावर अनेक कंपन्या असण्यालाही माझी हरकत नाही. दार उघडून कागद घेणारा एक माणूस तिथे हवा, एवढेच म्हणणे.

हिंजवडीलाही मुळशी तालुकाच लागतो, हे लोक विसरतात. तिथल्या मोठ्या कंपन्यांत रिसेप्शनला कागद दिला की शिक्का मारून पोच मिळते, विषय संपला. अडचण लहान आणि मध्यम कंपन्यांची आहे, आणि जमीन धरून बसलेल्या, एरवी काहीच न करणाऱ्या कंपन्यांची तर फारच.

बरोबर पत्ता, पुरेसे हशील भरलेले रजिस्टर्ड टपाल, म्हणजे ते पोचले असे गृहीत धरायचे, हे जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट १८९७ चे कलम २७ सांगते, आणि सी. सी. अलवी हाजीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितले. मग अडते कुठे? हे गृहीतक उलटवता येते म्हणून अडते. ‘लेफ्ट’ शेऱ्याचे पाकीट पाहून न्यायाधीश साहजिकच म्हणतात, नवा पत्ता द्या. समन्स परत आल्यापासून सात दिवसांत वादीने नवे समन्स मागितले नाही तर दावाच निकाली निघू शकतो, आदेश ९, नियम ५. म्हणजे पत्ता हरवला कंपनीने आणि घड्याळ चालू झाले शेतकऱ्याचे. कशीबशी पेपरात जाहिरात देऊन बजावणी झाली, एकतर्फी हुकूमनामा मिळाला, तरी सुटका नाही. कंपनी नेमकी दरखास्तीच्या वेळी जागी होते आणि आदेश ९, नियम १३ खाली अर्ज देते की आम्हाला कधीच काही मिळाले नाही. दाव्याची माहिती होती आणि हजर व्हायला वेळही होता असे दाखवता आले, तर बजावणीतल्या बारीक दोषासाठी हुकूमनामा रद्द होत नाही, असे परंतुक आहे. पण ते सिद्ध करण्यात आणखी दोन उन्हाळे जातात.

सर्वात वाईट अवस्था मनाई हुकमाची. वहिवाटीची पाणंद कंपनीने अडवली, पायाचे खड्डे घेतले. शेतकरी धावत येतो. एकतर्फी मनाई देण्याऐवजी आधी समोरच्याला नोटीस द्यावी हा सर्वसाधारण नियम, आणि तो योग्यच आहे. पण नोटीस मुंबईच्या पत्त्यावर. मुंबई शहरात हाताने बजावायचे तर संहितेप्रमाणे बाहेरच्या कोर्टाचे समन्स तिथल्या लघुवाद न्यायालयामार्फत जाते. ते जाईपर्यंत, परत येईपर्यंत, इकडे भिंतीला गिलावा होऊन रंगही लागतो. मग कंपनीचे वकील हजर होऊन म्हणतात, भिंत तर आधीपासूनच आहे.

याची दुसरी बाजू, म्हणजे कंपनीच्या कामासाठी शेतकऱ्याकडे येणारा कागद, मुळशीने शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहे. टाटा पॉवर कंपनी १९१९ ची. नीला-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधून भिऱ्याला वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, ही योजना. जमिनी घ्यायच्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने, ज्यात कंपन्यांसाठी जमीन घेण्याचा सातवा भाग मुद्दाम घातलेला होता. चाचणीचे चर शेतकऱ्यांच्या शिवारात परवानगीशिवायच खणले गेले. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावे सर्वांना माहीत आहेत. बावन्न गावे, सुमारे अकरा हजार माणसे. धरण १९२७ मध्ये पुरे झालेच. तो लढा नोटिशीच्या तांत्रिक मुद्द्यावर झाला नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण त्या कायद्याचे कलम ४५ काढून वाचा. जमीन धारण करणाऱ्याला नोटीस हातात द्यावी. तो न सापडल्यास घरातल्या प्रौढ पुरुषाला द्यावी. तोही न सापडल्यास घराच्या बाहेरच्या दारावर डकवावी, किंवा कलेक्टरच्या कचेरीत आणि त्या जमिनीवर ठळक जागी डकवावी. पावसाळी वादळात तो कागद उडून गेला तरी बजावणी झाली. शेतकऱ्याचे दार आणि त्याचे शेत हेच त्याचे नोंदणीकृत कार्यालय, ते त्याला बदलता येत नाही आणि तिथून ‘लेफ्ट’ असा शेराही येत नाही.

आजही फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीची मुदत धावू लागते. त्याबद्दल तक्रार नाही. महसुलाचा कारभार असाच चालणार. तक्रार एवढीच की कंपनीच्या बाजूने येणारा कागद आमच्या दाराला चिकटतो, आणि आमच्या बाजूने जाणाऱ्या कागदाला चिकटायला दार मिळत नाही.

यावर आपण काय करू शकता ते आता सांगतो. सहानुभूती नको आहे, आपल्याच कायद्यातली कलमे वापरा एवढे मागणे आहे.

कलम १२(३) प्रमाणे कंपनीने आपले नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, जिथे जिथे तिचा धंदा चालतो त्या प्रत्येक जागेच्या बाहेर, ठळक ठिकाणी, सहज वाचता येईल असा लावायचा आहे, आणि त्या भागातल्या भाषेच्या लिपीत लावायचा आहे. म्हणजे मुळशीत देवनागरीत. दुकानांच्या मराठी पाट्यांवरून अलीकडे राज्यात केवढा गदारोळ झाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपन्यांना स्थानिक लिपीचे बंधन १९५६ च्या कायद्यापासून आहे आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. उल्लंघनाला कलम १२(८) प्रमाणे रोज एक हजार रुपये, जास्तीत जास्त एक लाख, कंपनीलाही आणि कसूरदार अधिकाऱ्यालाही. एक फलक लागला असता तर पहारेकऱ्याशी हुज्जत, फेरफारातले जुने पत्ते, नावांचा घोळ, यांतले अर्धे काम संपले असते. भूगाव ते पौड आणि पिरंगुट ते उरवडे एवढ्या रस्त्यावर आपला एक माणूस कागद-पेन घेऊन एक दिवस फिरला तर चित्र स्पष्ट होईल.

नोंदणीकृत कार्यालयाचे फोटो आपल्याकडे आहेत, हेही मला ठाऊक आहे. २०१७ अखेरपर्यंत स्थापन झालेल्या कंपन्यांकडून २०१९ मध्ये आयएनसी-२२ए नावाचा फॉर्म भरून घेतला होता : इमारतीचा बाहेरून फोटो, आत किमान एका संचालकासह फोटो, वर अक्षांश-रेखांश. ती नोंद झाली तेव्हा कार्यालय तिथे होते. आज पोस्टमन ‘नॉट नोन’ म्हणतो, तर मधल्या काळात पत्ताबदलाची सूचना तीस दिवसांत आपल्याकडे आली का, एवढेच पडताळायचे. कलम १२(९) ने प्रत्यक्ष पाहणीचा अधिकार दिला, ऑगस्ट २०२२ मध्ये नियम २५बी ने ती कशी करायची तेही ठरवून दिले : त्या भागातले दोन स्वतंत्र साक्षीदार, लागल्यास पोलीस. पण १२(९) चा अधिकार कंपनी काहीच धंदा करीत नाही असे मानायला कारण असेल तेव्हाचा. आमच्या पिरंगुटच्या शेडेत तर दिवसरात्र यंत्रे चालू असतात. अशा चालत्या कंपनीसाठी कलम २०६(४) आहे. कोणाही व्यक्तीच्या निवेदनावरून, कायद्याचे पालन होत नाही असे आपल्याला पटले, तर कंपनीकडून लेखी खुलासा मागवून चौकशी करता येते. ‘कोणाही व्यक्ती’मध्ये समन्स परत आलेला वादी बसतो. बेलिफाच्या अहवालाची नक्कल आणि शेऱ्यासह परत आलेले पाकीट जोडलेला अर्ज हे असे निवेदन आपण मानावे आणि त्यावर १२(८) ची कारवाई करावी, ही माझी मुख्य मागणी.

एक करू नये, तेही सांगतो. पत्त्यावर कोणी नाही म्हणून कंपनीचे नाव पटावरून काढून मोकळे होऊ नका. २०१७ मध्ये देशभर दोन लाखांहून अधिक कंपन्या अशा काढल्या गेल्या आणि त्याचा बराच गवगवा झाला. पळपुट्या कंपनीला यासारखे सोयीचे दुसरे काही नाही. संचालकांची जबाबदारी नाव काढल्यावरही राहते असे कलम २४८(७) म्हणते, पण दावा पुढे चालवायचा तर बहुधा आधी मुंबईला राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात जाऊन कलम २५२ खाली ती कंपनी पुन्हा जिवंत करून घ्यावी लागते. भाताच्या बांधासाठी भांडणारा माणूस तेवढे करील का? नाव काढण्याआधीची जाहीर नोटीस इंग्रजी पेपरात आणि नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या भाषेतल्या पेपरात निघते, हरकतीला तीस दिवस. कार्यालय मुंबईत, जमीन ताम्हिणीच्या वाटेवर. ती नोटीस इथे वाचतो कोण? अशा कंपनीच्या नावावर जमीन असेल तर त्या तालुक्याच्या तहसील कचेरीला एक प्रत पाठवावी. तहसीलदार ती चावडीवर लावतील, त्यांना ती सवय आहे.

मुळशीत जमीन असलेल्या पुष्कळ कंपन्या मुंबईच्या निबंधकांकडे नोंदलेल्या आहेत, त्यांच्यावर आपला हात पोचत नाही. तेव्हा या पत्राची प्रत तिकडेही पाठवीत आहे.

आता दोन शब्द तालुक्यातल्या वाचकांसाठी. कंपनीला नोटीस पाठवायची तर सातबाऱ्यावरच्या नावावर थांबू नका. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आजचे नाव, सीआयएन, आजचा नोंदणीकृत पत्ता आणि संचालकांची नावे पाहा. नाव अक्षर न् अक्षर तसेच लिहा, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ गाळू नका. एक पाकीट नोंदणीकृत पत्त्यावर, एक साइटच्या पत्त्यावर, एकेक संचालकांना, आणि कंपनीचा ईमेल मिळाला तर त्यावरही. टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्ट म्हणा, नोंदणी आणि पोच या सुविधा वेगळ्या मागून घ्या, पावती सांभाळा. परत आलेले पाकीट फोडू नका. ते तसेच, बंद, शेऱ्यासकट वकिलाकडे आणा. तो तुमचा पुरावा आहे. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे जाण्याचा मार्गही आहे. आणि कंपनी दिवाळखोरीत गेल्याचे कानावर आले तर दाव्याच्या तारखेची वाट पाहत बसू नका. लवासा ऑगस्ट २०१८ मध्ये त्या प्रक्रियेत गेली; अशा वेळी दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ ने कंपनीवरचे दावे थांबतात आणि आपले येणे तिथे नेमलेल्या व्यावसायिकाकडे जाहीर नोटिशीतल्या मुदतीत नोंदवावे लागते. त्या नोटिशीत त्याचा पत्ता असतो, आणि तो पत्ता चालू असतो.

महोदय, परत आलेली तीन पाकिटे, बेलिफाचे अहवाल आणि कलम २०६(४) खालचे तीन अर्ज या पत्रासोबत आपल्या कार्यालयात स्वतंत्रपणे दाखल करीत आहे. कंपन्यांची नावे तिथे आहेत, इथे मुद्दाम घेतलेली नाहीत; त्यांचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय ती छापणे बरोबर नव्हे. अर्जांची पोच मिळावी आणि काय कारवाई केली ते लेखी कळवावे, ही विनंती.

कळावे,

आपला,
पौड न्यायालयात वकिली करणारा मुळशीचा एक रहिवासी